टांचेवरील रक्तबिंदु

पांचव्या अगर सहाव्या रात्रीं बाळंतिणीच्या खोलींत सटवाई येते आणि अर्भकाच्या ललाटीं त्याचें सारें आयुष्य लिहून जाते, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. त्या रात्रीं दिवा तेवत ठेवावयाचा, पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवावयाची, घरच्या बायकांनीं जागरण करावयाचें. परंतु लेख काय लिहिला गेला हें कोणासही वाचतां यावयाचें नाहीं, आणि वाचतां आलें तरी तो पुसतां यावयाचा नाहीं. 'खाण तशी माती' ही म्हणही ह्याच जातीची. मायबापांच्या अंगीं जें असेल तें अपत्यांत उतरणार, त्यापुढें माणसाचा इलाज नाहीं, हा तिचा अभिप्राय. गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत आनुवंशिकतेच्या शास्त्रानें ह्या समजुतीचा अर्धा भाग खरा ठरविला व अर्धा खोटा पाडला. कांहीं रोग मायबापांच्या बीजांतूनच येतात हें त्यानें निर्विवाद दाखविलें. परंतु असा लेख जन्मानंतर दोन-चार दिवसांत वाचतां येतो, आणि वेळीं वाचला तर पुष्कळ अंशीं बदलतांही येतो, हेंही त्यानेंच दाखविलें. वाचावयाचा तो मात्र कपाळावर नव्हे, टांचेंतून काढलेल्या रक्ताच्या थेंबांत.

ज्या संशोधकाच्या परिश्रमामुळें ही गोष्ट प्रयोगशाळेंतून सूतिकागृहांत आली त्याचें नांव रॉबर्ट गथ्री (१९१६–१९९५). बालरोगांच्या वैद्यांस हें नांव परिचित आहे. पाश्चात्त्य देशांत तर 'गथ्री टेस्ट' हे शब्द दोन पिढ्या बाळंतपणाच्या नित्याच्या बोलण्यांतले होऊन राहिले. वैद्यकाबाहेरील वाचकांच्या कानांवर मात्र तें क्वचितच पडलें असेल. आम्ही वैद्यकाचे नव्हे, इतिहासाचे अध्यापक. तथापि ह्या गृहस्थाच्या जीवितकार्यांत आनुवंशिकता, सार्वजनिक आरोग्य आणि अर्थशास्त्र हे तीन विषय एकत्र आले आहेत, आणि त्यांतून जो प्रश्न उभा राहतो तो केवळ वैद्यांनीं सोडवावयाचा नाहीं. समाज आपल्या दुबळ्या अपत्यांची किंमत कशानें मोजतो, असा तो प्रश्न आहे. म्हणून त्याचा इतिहास थोडा विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

मेंडेलचे विस्मृतींत गेलेले नियम १९०० सालीं पुन्हां उजेडांत आले, आणि १९०२ सालीं लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरड ह्यांनीं ते एका मानवी विकारास लावून पाहिले. अल्कॅप्टोन्यूरिया ह्या विकारांत मूत्र हवेंत राहिलें कीं काळें पडतें. हा विकार एकाच घरच्या भावंडांत आढळतो, त्यांच्या मायबापांत सहसा आढळत नाहीं, आणि मायबाप परस्परांचीं आते-मामे किंवा चुलत-मावस भावंडें असलीं तर त्याचें प्रमाण वाढतें, हें गॅरड ह्यांच्या ध्यानांत आलें. शरीरांत अन्नाचें रूपांतर पायरीपायरीनें होत असतें. त्यांतील एखादी पायरी जन्मतःच तुटलेली असावी, असें अनुमान त्यांनीं काढलें, आणि १९०८ सालच्या व्याख्यानमालेंत अशा विकारांस चयापचयाचे जन्मजात दोष असें नांव दिलें. अनुमान अत्यंत मूलगामी होतें. परंतु रोग विरळ आणि उपाय कांहीं नाहीं, म्हणून त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

पुढची पायरी नॉर्वेंत चढली गेली, आणि तिचें श्रेय एका मातेकडे जातें. तिचीं दोन्ही मुलें जन्मतः धडधाकट दिसत होतीं. पुढें त्यांची बुद्धि वाढेना. त्यांच्या मूत्रास एक प्रकारचा कुबट वास येतो, तो कशाचा, हा प्रश्न घेऊन ती वैद्यामागून वैद्याकडे गेली. कोणीं तिला उत्तर दिलें नाहीं. अखेर १९३४ सालीं ती आस्ब्योर्न फोलिंग ह्यांजकडे पोहोंचली. हे वैद्यही होते व रसायनशास्त्रज्ञही होते. मूत्रांत फेरिक क्लोराइड टाकतांच त्याचा रंग गडद हिरवा झाला. असा रंग त्यांनीं पूर्वीं पाहिला नव्हता. त्यांनीं चिकाटीनें तें द्रव्य वेगळें काढलें. तें फिनाइलपायरुव्हिक आम्ल ठरलें. ह्या विकारास पुढें फिनाइलकीटोन्यूरिया हें नांव पडलें. त्याचें स्वरूप असें: दूध, डाळी, अंडीं, मांस ह्यांतील प्रथिनांत फिनाइलअॅलनीन नांवाचें एक द्रव्य असतें. निरोगी माणसाच्या यकृतांतील एक एन्झाइम त्याचें रूपांतर करून टाकतें. ज्याच्या ठायीं तें एन्झाइम कार्य करीत नाहीं त्याच्या रक्तांत हें द्रव्य सांचत जातें आणि वाढत्या मेंदूस विषासारखें बाधतें. म्हणजे आईचें दूध हेंच त्या अर्भकास हळूहळू घातक होतें.

१९३४ हें साल वाचकांनीं लक्षांत ठेवावें. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवसापासून जर्मनींत आनुवंशिक रोग्यांचें सक्तीनें वंध्यीकरण करण्याचा कायदा अमलांत आला. हा विचार जर्मनांचाच होता असें मात्र नव्हे. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानानें असा कायदा १९०७ सालींच केला होता, आणि १९२७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें अशा कायद्यावर मान्यतेची मुद्रा उठविली होती. आपल्याकडील सुशिक्षितांतही त्या काळीं 'सुप्रजाजनन' हा शब्द मोठ्या उत्साहानें उच्चारला जाई. एका बाजूस नॉर्वेंतील एक वैद्य मुलांच्या मूत्राचा वास कशाचा हें शोधीत होता. दुसऱ्या बाजूस सबंध राज्ययंत्र अशीं मुलें पुन्हां जन्मासच येऊं नयेत म्हणून सुऱ्या परजीत होतें. एकाच ज्ञानाचे हे दोन उपयोग होते.

ह्या दुसऱ्या उपयोगांतील गणिताची चूक लायनेल पेनरोज ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें उघड करून दाखविली. फिनाइलकीटोन्यूरिया होण्यास आई व बाप ह्या दोघांकडूनही सदोष जनुक यावें लागतें. एकाकडूनच आलें तर मनुष्य निरोगी राहतो, परंतु तें जनुक पुढें नेणारा वाहक होतो. दहा हजार अर्भकांत रोगी १ असें धरलें, तर तितक्याच लोकांत वाहक सुमारे २०० निघतात. त्या एका रोग्यास संतति होऊं दिली नाहीं म्हणून ह्या दोनशांच्या ठायीं असलेलें जनुक थोडेंच नाहींसें होतें? तें नाहींसें करावयाचें तर निरोगी माणसांचेंच वंध्यीकरण करावें लागेल. पेनरोज ह्यांच्या त्या वेळच्या हिशोबानें शेंकडा एक माणसाचें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत गाल्टनच्या नांवानें असलेल्या अध्यासनावर येतांना, आपल्या पहिल्याच व्याख्यानांत, त्यांनीं हा मुद्दा मांडला. सुप्रजाजननाच्या आद्य पुरस्कर्त्याच्या नांवाची ती जागा होती, हें येथें विसरतां कामा नये. पुढें त्यांच्याच कारकीर्दींत, १९५४ सालीं, तेथून निघणाऱ्या नियतकालिकाच्या नांवांतील 'यूजेनिक्स' हा शब्द जाऊन त्या जागीं 'ह्यूमन जेनेटिक्स' हे शब्द आले.

जनुक काढतां येत नाहीं. परंतु त्याचा परिणाम टाळतां येईल काय? बर्मिंगहॅम येथील मुलांच्या रुग्णालयांत १९५१ च्या सुमारास ह्या रोगाची एक लहान मुलगी आली. तिला उभें राहतां येत नव्हतें, बोलतां येत नव्हतें. ती सतत रडे व डोकें आपटून घेई. हॉर्स्ट बिकेल ह्या तरुण वैद्यानें रोगाचें निदान आईस मोठ्या अभिमानानें सांगितलें, तेव्हां ती म्हणाली कीं निदान घेऊन मी काय करूं, औषध द्या. ती रोज सकाळीं त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारांत उभी राहूं लागली. बिकेल व त्यांचे सहकारी जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स ह्यांनीं दुधांतील प्रथिनाचें विघटन करून, कोळशाच्या भुकटीच्या साहाय्यानें त्यांतील फिनाइलअॅलनीन काढून टाकलें व तो आहार मुलीस सुरू केला. कांहीं महिन्यांत ती रांगूं लागली, आधारानें उभी राहूं लागली, तिचें रडणें थांबलें. ही सुधारणा आहारामुळेंच झाली हें शंकेखोरांस पटावें म्हणून वैद्यांनीं एकदां आईस न सांगतां त्या आहारांत फिनाइलअॅलनीन मिसळलें, आणि पोर पाहतां पाहतां पुन्हां ढासळली. १९५३ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. शास्त्राचें काम झालें खरें. पण जिनें दारांत उभें राहून हा शोध लावावयास लाविला तिलाच अंधारांत ठेवून त्याचा पुरावा मिळविला गेला, हें इतिहासानें नमूद केलेंच पाहिजे.

ह्या मुलीच्या मेंदूस पूर्वींच झालेली इजा भरून निघाली नाहीं. उपाय होता, परंतु तो जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांतच सुरू व्हावयास हवा होता. त्या वयांत रोग ओळखावयाचा कसा? मूल तर इतर मुलांसारखेंच दिसतें. लंगोटावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून पाहण्याची युक्ति १९५७ सालीं निघाली. पण मूत्रांत तें आम्ल उतरावयासच कांहीं आठवडे लागतात, आणि तोंवर बाळबाळंतीण घरीं गेलेलीं असतात. 'द गुड अर्थ' ह्या कादंबरीच्या कर्त्या पर्ल बक आपल्या वाचकांस ठाऊक आहेत. त्यांची १९२० सालीं जन्मलेली कन्या ह्याच रोगानें बुद्धीनें खुंटली. तिच्याविषयीं त्यांनीं १९५० सालीं पुस्तक लिहिलें, तेव्हां त्या रोगाचें नांवही त्यांस माहीत नव्हतें. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या विदुषीची ही स्थिति. मग इतर मातांची काय कथा!

आतां गथ्रींकडे वळूं. मिझूरी संस्थानांत जन्मलेले हे गृहस्थ वैद्यकाचे पदवीधर होते व जंतुशास्त्राचेही पंडित होते. १९५० नंतर ते बफेलो शहरांतील एका कर्करोग-संशोधनसंस्थेंत काम करीत. रोग्याच्या रक्तांत अमुक द्रव्य किती आहे हें जंतूंच्या वाढीवरून ओळखण्याची पद्धति त्यांनीं तेथें हस्तगत केली होती. घरीं त्यांचा एक मुलगा बुद्धीनें मागें राहिलेला होता. त्याच्या व्यंगाचा फिनाइलकीटोन्यूरियाशीं कांहीं संबंध नव्हता. त्याच्या निमित्तानें ते अशा मुलांच्या पालकांच्या संघटनेंत शिरले, आणि तेथेंच बफेलोच्या मुलांच्या रुग्णालयांतील रॉबर्ट वॉर्नर ह्या वैद्याशीं त्यांचा परिचय झाला. पथ्यावर असलेल्या मुलांच्या रक्तांतील फिनाइलअॅलनीन वरचेवर मोजावें लागतें, त्यास फार रक्त व फार वेळ लागतो, कांहीं सोपी रीत निघेल काय, असें वॉर्नरनीं त्यांस विचारलें. पुढें १९५८ सालीं गथ्रींच्या भाचीस हाच रोग असल्याचें वर्ष उलटून गेल्यावर कळलें. इलाज माहीत असूनही वेळ गेली होती. त्याच वर्षीं गथ्रींनीं कर्करोगाचें काम सोडलें व ते मुलांच्या रुग्णालयांत आले.

त्यांची युक्ति इतकी साधी आहे कीं ती येथें सहज सांगतां येईल. गवतांत व मातींत आढळणारा एक निरुपद्रवी जंतु खळीसारख्या थरांत पेरावयाचा आणि त्याची वाढ रोखणारें एक द्रव्य त्या थरांत मिसळावयाचें. आतां फिनाइलअॅलनीन भरपूर मिळालें तरच तो जंतु वाढूं शकतो. बाळाच्या टांचेस टोंचून रक्ताचा थेंब जाड गाळणकागदावर टिपून घ्यावयाचा, वाळवावयाचा, आणि त्या कागदाची लहानशी टिकली त्या थरावर ठेवावयाची. दुसऱ्या दिवशीं टिकलीभोंवतीं जंतूंच्या वाढीचें पांढुरकें वर्तुळ दिसलें तर रक्तांत तें द्रव्य अधिक आहे असें समजावें. वर्तुळ जितकें मोठें तितकें द्रव्याचें प्रमाण अधिक. एका तबकांत अशा पुष्कळ टिकल्या एकाच वेळीं तपासल्या जातात. आमच्या मतें ह्यांत जंतूपेक्षांही कागदाचें महत्त्व मोठें आहे. वाळलेला रक्ताचा डाग लिफाफ्यांत घालून टपालानें पाठवितां येतो. खेड्यांतील सुईणीपासून राजधानींतील प्रयोगशाळेपर्यंतचें अंतर त्या कागदानें मिटविलें.

मतिमंदांच्या एका मोठ्या संस्थेंत ही परीक्षा करून पाहतां पूर्वींच्या मूत्रपरीक्षेंत निसटलेले रोगीही तींत सांपडले. मग सरकारी साहाय्यानें २९ संस्थानांत ४ लाखांहून अधिक नवजात अर्भकें तपासण्यांत आलीं. रोगी सुमारे दहा हजारांत १ ह्या प्रमाणांत निघाले. मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १९६२ सालीं ही परीक्षा सर्वत्र सुरू केली व १९६३ सालीं ती कायद्यानें आवश्यक केली. त्याच साली गथ्री व त्यांच्या सहकारी एडा सूसी ह्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पालकांच्या संघटनेनें ह्या कामीं मोठा जोर लाविला. १९६१ सालच्या त्यांच्या प्रचारचित्रांत दोन बहिणी होत्या: थोरलीचा रोग उशिरां कळलेला, धाकटीचा वेळेवर कळलेला, एक खुंटलेली, एक हंसतीखेळती. अशा चित्रापुढें कोणता विधिमंडळाचा सभासद हात आंखडता घेईल? पाहतां पाहतां बहुतेक संस्थानांनीं कायदे केले.

वैद्यांच्या कांहीं संघांनीं सक्तीस विरोध केला. त्यांतील धंद्याच्या अभिमानाचा भाग सोडून दिला तरी कांहीं आक्षेप खरे होते. रक्तांत तें द्रव्य अधिक असूनही कांहीं मुलें निरोगी राहतात, हें पुढें कळून आलें. शिवाय फिनाइलअॅलनीन हें शरीरास थोडें तरी लागतेंच. पथ्य अतिशय कडक केल्यानें कांहीं मुलांस उलट अपाय झाला. आहाराचा गुण पद्धतशीर तपासण्याचा मोठा प्रयोग १९६७ सालीं सुरू झाला, म्हणजे कायदे झाल्यानंतर! पथ्य निश्चित उपकारक आहे असेंच अखेर ठरलें. निष्कर्ष अनुकूल निघाला म्हणून क्रम योग्य होता असें मात्र म्हणतां येत नाहीं.

ह्या सुमारास पैशाचा प्रश्न दोन वेळां पुढें आला. गथ्रींनीं परीक्षेचें साहित्य बनविण्याचा परवाना एका औषधकंपनीस दिला होता. आपला स्वामित्वाचा हिस्सा त्यांनीं स्वतः न घेतां सार्वजनिक संस्थांस देऊं केला होता. जें साहित्य त्यांच्या प्रयोगशाळेंत ६ डॉलरांत तयार होई त्यास कंपनी २६२ डॉलर घेणार, असें १९६५ सालीं त्यांस कळलें. ते गप्प बसले नाहींत. त्यांनीं सरकार-दरबारीं दाद मागितली, आणि सार्वजनिक द्रव्यानें लागलेल्या शोधावर जनतेचा हक्क आहे असें ठरून कंपनीचा एकाधिकार टळला. दुसरा प्रसंग पथ्याचा. ह्या रोगाचें विशिष्ट दूध फार महाग असतें. १९७२ सालीं अमेरिकन सरकारनें तें औषधांच्या वर्गांतून काढून विशेष आहाराच्या वर्गांत घातलें, तेव्हां 'आहाराचे पैसे आम्ही कां द्यावे?' म्हणून विमा कंपन्यांनीं हात वर केले. रोग शोधून काढण्याची सक्ति, आणि शोधून काढल्यावर मुलाचें पोट भरण्याची जबाबदारी आईबापांची, असा हा न्याय झाला.

आरोग्याच्या अर्थशास्त्राचा विचार येथें ओघानेंच येतो. चाळणी-परीक्षेच्या पुरस्कर्त्यांनीं आरंभापासून एक हिशोब मांडला: मतिमंद मूल संस्थेंत ठेवून जन्मभर पोसण्याचा खर्च एवढा, हजारों मुलांच्या परीक्षेचा खर्च एवढा, तेव्हां परीक्षाच स्वस्त. हा हिशोब दिसतो तितका सरळ नाहीं. समजा, १ लाख अर्भकें तपासलीं. त्यांत रोगी १०. परीक्षा हजारांत एकदांच निरोग्यास रोगी म्हणते असें धरलें, तरी १०० निरोगी मुलें रोगी म्हणून परत बोलावलीं जातील. म्हणजे ११० घरांत धास्ती, त्यांपैकीं १०० घरांत ती निष्कारण. दुसरें असें कीं खर्च आज होतो आणि लाभ चाळीस वर्षांनीं पदरीं पडतो. अर्थशास्त्रज्ञ भावी लाभास व्याजाच्या दरानें कातरतात. दर साल शेंकडा ५ धरला तर चाळीस वर्षांनीं वांचणाऱ्या १००० रुपयांची आजची किंमत अवघी १४२ रुपये होते. शेंकडा ३ धरला तर ३०७ होते. दर कोणता धरावयाचा, एवढ्यावर एखादी योजना फायद्याची किंवा तोट्याची ठरते. आणि तो दर निसर्ग सांगत नाहीं, हिशोबनीस ठरवितो.

१९६८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं विल्सन व युंग्नर ह्या दोघांनीं चाळणी-परीक्षेचीं दहा तत्त्वें लिहून काढलीं. रोग महत्त्वाचा असावा. त्यावर मान्य उपचार असावा. उपचाराची सोय हाताशीं असावी. परीक्षा लोकांस रुचेल अशी असावी. खर्च एकंदर वैद्यकीय खर्चाच्या मानानें उचित असावा. आणि काम एकदां करून सोडून न देतां सतत चालावें. ह्यांत खर्चाचें कलम आहे, पण तें शेवटून दुसरें आहे. हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. 'अशीं मुलें समाजास महाग पडतात' हेंच जर परीक्षेचें मुख्य समर्थन असेल, तर ज्या मुलांवर इलाज नाहीं त्यांच्याविषयीं तें काय सांगतें? गथ्रींच्या स्वतःच्या मुलास बापाच्या शोधाचा लवमात्र उपयोग नव्हता. हा बाप मात्र एका हातानें परीक्षा गांवोगांव पोहोंचवीत होता आणि दुसऱ्या हातानें, ज्यांस त्या परीक्षेचा लाभ नाहीं अशा मुलांच्या शाळा व हक्क ह्यांसाठीं झटत होता. हिशोबाच्या वहींत ज्या दोन गोष्टी परस्परांविरुद्ध जातात त्या त्यांच्या आयुष्यांत एकत्र नांदल्या.

तत्त्वें मोडलीं म्हणजे काय होतें ह्याचा धडा अमेरिकेनें लगेच गिरविला. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग तेथें मुख्यतः कृष्णवर्णीयांत आढळतो. १९७० नंतर अनेक संस्थानांनीं त्याच्या सक्तीच्या परीक्षेचे कायदे केले. १९७२ सालीं मध्यवर्ती सरकारनेंही ह्या रोगासंबंधीं कायदा केला. हेतु चांगला असेल. पण कित्येक कायद्यांत वाहक आणि रोगी ह्यांतील भेदच नीट केलेला नव्हता, आणि परीक्षेनंतर द्यावयाचा उपचारही हातीं नव्हता. परिणाम असा झाला कीं धडधाकट वाहकांस नोकऱ्या व विमा नाकारला जाऊं लागला. अमेरिकन वायुदलाच्या शिक्षणसंस्थेची दारें अशांस १९८१ पर्यंत बंद होतीं. पुढें १९८६ सालीं मेरिलिन गॅस्टन ह्या विदुषी वैद्यानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं ह्या रोगाच्या लहान मुलांस नियमानें पेनिसिलिन दिलें तर एका प्राणघातक जंतुसंसर्गाचें प्रमाण शेंकडा ८४ नीं घटतें. तेव्हांपासून हीच परीक्षा नवजात अर्भकांच्या कल्याणाची झाली. रोग तोच, रक्त तेंच, थेंबही तोच. मध्यंतरीं एक स्वस्त गोळी आली, आणि कलंकाचें साधन रक्षणाचें साधन झालें.

गथ्रींच्या कागदाची थोरवी त्यांच्या मूळ रोगापुरती राहिली नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत झां द्युसो ह्यांनीं त्याच वाळलेल्या डागांतून अवटु-ग्रंथीची जन्मजात उणीव ओळखण्याची रीत बसविली. हा रोग फिनाइलकीटोन्यूरियाहून अधिक आढळतो, आणि त्यावरील गोळी अगदीं स्वस्त असते. १९९० नंतर नवीं यंत्रें आलीं व एका टिकलींतून डझनावारी रोग वाचतां येऊं लागले. स्वतः गथ्री देशोदेशीं फिरून ही विद्या शिकवीत राहिले, आणि उत्तरायुष्यांत शिशाच्या विषानें मुलांच्या मेंदूस होणाऱ्या इजेकडे त्यांनीं लक्ष वळविलें.

ह्या यशाच्या पोटांतूनच एक नवें कर्तव्य जन्मास आलें. पथ्य पांच-सहा वर्षांपर्यंत पुरे, असें आरंभीं मानीत. त्यामुळें वांचलेल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांचीं लग्नें झालीं, आणि गरोदरपणांत त्यांच्या रक्तांतील तें द्रव्य गर्भास बाधूं लागलें. पथ्याविना असलेल्या अशा मातांच्या दहांपैकीं नऊ मुलांस बुद्धीची इजा होते, असें १९८० सालच्या एका पाहणींत दिसलें. अर्भक निरोगी जनुकाचें असो, आईच्या रक्तानेंच त्यास मार बसे. पथ्य आजन्म पाळलें पाहिजे हें तेव्हांपासून अधिकाधिक स्पष्ट होत गेलें. विल्सन-युंग्नर ह्यांचें दहावें तत्त्व, काम मध्येंच सोडूं नये हें, किती खरें होतें तें ह्यावरून कळतें.

ह्या इतिहासाचा आपणांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. सिकलसेल हिंदुस्थानांत प्रथम १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासींत आढळला; १९५८ सालीं नागपूरच्या वैद्यांनीं मध्यभारतांतील त्याच्या आढळाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. विदर्भांतील गडचिरोली-चंद्रपुरापासून खानदेशांतील नंदुरबारपर्यंत हा रोग आज घरोघरच्या माहितीचा आहे. १ जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटि लोकांची परीक्षा करावयाची व २०४७ पर्यंत रोगाचें निर्मूलन करावयाचें, असें तिचें उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट स्तुत्य आहे. परंतु 'निर्मूलन' ह्या शब्दानें आम्हांस पेनरोज ह्यांच्या गणिताची आठवण होते. जनुकाचें मूळ लाखों निरोगी वाहकांत आहे, तें उपटतां यावयाचें नाहीं. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक खेपेस रोगी अपत्याचा संभव चारांत एक असतो, हें वधूवरांस समजावून सांगणें योग्यच आहे. पण आपल्या समाजांत परीक्षेचें कार्ड पत्रिकेच्या शेजारीं ठेवलें जाणार, आणि मुलाचें कार्ड झांकून मुलीचें मात्र उघडें केलें जाणार, ही भीति अवास्तव नाहीं. मंगळाच्या मुलीस जें सोसावें लागतें तें आणखी एका शिक्क्याच्या मुलीस सोसावें लागूं नये, एवढी दक्षता मोहीम चालविणाऱ्यांनीं व आपण सर्वांनीं घेतली पाहिजे. मामाच्या मुलीशीं विवाह करण्याची ज्यांच्यांत चाल आहे त्यांसही गॅरड ह्यांचें निरीक्षण दूषण म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगितलें पाहिजे.

गथ्रींच्या चरित्रापासून आम्हांस एवढाच बोध घ्यावासा वाटतो. परीक्षा स्वस्त असते. परीक्षेनंतरचें सारें महाग असतें. थेंब टिपावयास एक क्षण पुरतो. पण त्यानंतर जन्मभराचें पथ्य, गोळ्यांचा नियमित पुरवठा, गांवांतच मिळणारा वैद्य, समजूत घालणारी परिचारिका, आणि जें मूल बरें होणार नाहीं त्यास सांभाळणारी शाळा लागते. जेथें ह्या दुसऱ्या खर्चाची तयारी आहे तेथें पहिला खर्च फळास येतो. जेथें नाहीं तेथें परीक्षा ही केवळ शिक्के मारण्याची क्रिया होते, आणि शिक्का पुसण्याचें काम मात्र त्या घरच्या बायकांकडे येतें. सटवाई लेख लिहून निघून जाते; तिला कोणी जाब विचारीत नाहीं. सरकार आणि समाज ह्यांनीं मात्र तो लेख वाचण्याचें काम अंगावर घेतलें आहे, आणि वाचणाऱ्यास पुढील जबाबदारीही घ्यावी लागेल. बर्मिंगहॅमच्या त्या आईनें हेंच सांगितलें होतें: नुसतें निदान घेऊन मी काय करूं? रोज सकाळीं दारांत उभें राहून हा प्रश्न विचारणारीं माणसें आपल्याकडेही पुष्कळ निघोत, आणि त्यांस उत्तर देणारे बिकेल व गथ्रीही निघोत, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतों.